वाऱ्यावरचे तण आणि नाताळचे झाड

सणांचा आणि वनस्पतींचा संबंध आपल्याकडे इतका निकटचा आहे की तो सहसा आपल्या ध्यानातही येत नाही. पाडव्याला कडुनिंब, वटपौर्णिमेला वड, चवथीला दूर्वा, दसऱ्याला आपटा आणि शमी, तुळशीच्या लग्नाला ऊस, चिंच आणि आवळा. ही पाने-फळे त्या दिवसांत परसात किंवा रानात सहज मिळत म्हणून ती सणात आली, की सणाला लागतात म्हणून आपण ती परसात लावली, हे आता सांगता येणे अवघड आहे. परंतु एखाद्या गावी सणच बाहेरून आला, आणि त्या सणाला लागणारे झाड त्या मातीत मुळी उगवतच नसले, तर गावाने काय करावे? अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात चँडलर नावाचे नगर आहे. त्या नगराने या प्रश्नाला जे उत्तर दिले ते आमच्या विद्यार्थिमित्रांना कळावे, म्हणून हा लेख. ते उत्तर गमतीचे आहेच. पण ज्या झुडपाच्या आधाराने ते दिले गेले त्या झुडपाची हकीगत अधिक विलक्षण आहे. तेव्हा सणापेक्षा झुडपाविषयीच आम्ही अधिक लिहिणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम नकाशा उघडावा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून ॲरिझोना राज्य दिसेल. त्याची राजधानी फीनिक्स. आणि तिच्या आग्नेयेस, आगगाडीची एक-दोन स्थानके जावीत इतक्या अंतरावर चँडलर. हा सारा मुलूख सोनोरन वाळवंटाचा आहे. वर्षाचा पाऊस सरासरी आठ-नऊ इंच. गोमंतकात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आषाढात दोन-तीन दिवसांच्या झडीत आपल्या अंगणातून वाहून जाते तेवढे पाणी तेथे बारा महिन्यांना पुरवून घ्यावे लागते. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांची रांग येते. सोनोरन वाळवंट तसे नाही. तेथे सग्वारो नावाचे निवडुंग चाळीस-चाळीस फूट वाढतात आणि दीडशे वर्षेही जगतात. हिरव्या सालीचा पालो व्हर्दे आहे. आणि मेस्कीट नावाचा काटेरी वृक्ष आहे, जो आपल्या शमीचा जातभाई होय. या मेस्कीटच्या कुळाशी आपली पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

अशा ठिकाणी नगर वसले ते कालव्यांमुळे. अलेक्झांडर जॉन चँडलर हे पशुवैद्य १८८७ साली त्या प्रदेशात सरकारी नोकरीवर आले. दुष्काळात गुरे मरताना त्यांनी पाहिली, आणि गुरांवरील औषधापेक्षा पाण्याचे महत्त्व अधिक, हे त्यांनी ओळखले असावे. कारण लवकरच ते जमिनी घेऊन कालवे खोदण्याच्या उद्योगाला लागले. १९११ साली रूझवेल्ट धरण पुरे झाले, आणि पुढल्याच वर्षी, १७ मे १९१२ रोजी, डॉक्टरसाहेबांनी आपल्या नव्या गावातील भूखंड विकावयास काढले. भोवताली कापूस आणि लसूणघास पिकू लागली. त्या काळी युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांना शहामृगाची पिसे लावण्याची हौस होती, म्हणून तेथे शहामृगही पाळले जात. त्या आठवणीने पुढे गावाने शहामृगांच्या नावाची एक जत्राही सुरू केली. पण तो विषय निराळा. १९५० च्या शिरगणतीत या गावाची वस्ती चार हजारांच्याही आत होती. म्हणजे आपल्याकडील एखादा मोठा बाजारगाव, एवढेच समजावे.

आता नाताळच्या झाडाकडे वळू. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. झाड सजविण्याची चाल मात्र त्यांची नव्हे, ती जर्मन लोकांची. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंड-अमेरिकेत रूढ झाली आणि तेथून जगभर पसरली. यासाठी लागतात ते फर, स्प्रूस असे थंड प्रदेशातील सूचिपर्णी वृक्ष: खाली रुंद, वर निमुळते, ऐन हिवाळ्यातही हिरवे. बर्फाने सगळी झाडे उघडी पडली असता जे हिरवे राहते त्याला घरात आणावे, हा त्यातला भाव. ॲरिझोनाच्या उत्तरेकडील उंच डोंगरांवर पाइन वृक्षांची मोठी अरण्ये आहेत. पण खाली तापलेल्या खोऱ्यात तसला वृक्ष वाढत नाही. तो हवा असल्यास दुरून तोडून आणावा लागतो. आणि डिसेंबरात तेथे बर्फ तर नसतेच. दुपारी अंगात लोकरीचे कपडेही नकोसे होतात.

१९५७ साली अर्ल बार्नम नावाच्या एका नगरवासीयाने अशी कल्पना मांडली की, चौकात उभारावयाचे नाताळचे झाड दुरून न आणता आपल्या शेतांच्या कडेला जे फुकट आणि हवे तेवढे पडलेले आहे त्याचेच करावे. काय पडलेले होते? टंबलवीड. या शब्दाचा अर्थ ‘कोलांट्या खात जाणारे तण’. सुकल्यावर हे झुडूप मुळापासून तुटते आणि गोल गोळा होऊन वाऱ्याबरोबर लोळत सुटते. गावातल्या प्रत्येकाने त्याला कधी ना कधी शिवी दिली असेल. कुंपणाला ते अडकते, कालवा तुंबवते, मोटारीखाली सापडते, आणि हात लावू गेल्यास बोटांत काटे भरते. अशा वस्तूचे देवाच्या जन्मोत्सवाचे झाड करावे ही सूचना पहिल्यांदा ऐकणाऱ्यांना थट्टाच वाटली असेल. परंतु झाड झाले, आणि तेव्हापासून ती चाल पडली ती आजतागायत चालू आहे.

ते कसे करतात ते सांगतो. गावच्या नगरपालिकेचे कामगार पावसाळ्यानंतर, म्हणजे तेथील शरद ऋतूत, गावाबाहेरील मोकळ्या जमिनींवरून सुकलेली झुडपे जाड हातमोजे घालून गोळा करतात. चौकातील बागेत तीस-पस्तीस फूट उंचीचा शंकूसारखा सांगाडा उभा करून त्याला जाळी लावतात, आणि त्या जाळीत एकेक झुडूप बसवीत वर जातात. नगरपालिकेने वेळोवेळी सांगितलेला हिशेब साधारण असा: झुडपे १,०००, पांढरा रंग २५ गॅलन, आग लागू नये म्हणून फवारावयाचे औषध २० गॅलन, चमकी ६५ पौंड, आणि दिवे सुमारे १,२००. वाळलेले टंबलवीड कापरासारखे पेटते, त्यामुळे यातील अग्निरोधक औषध ही चैन नव्हे, ती अत्यावश्यक बाब होय. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दिव्यांनी सजविलेल्या वाहनांची मिरवणूक निघते आणि झाडावरचे दिवे लागतात. दुरून पाहणाऱ्याला ते बर्फाने माखलेले झाड वाटते. आमचे मत विचाराल तर एवढा पांढरा रंग आणि चमकी फासण्याऐवजी त्या झुडपाचा मूळचा, वाळल्या गवतासारखा, पिवळट रंग राहू दिला असता तर ते अधिक शोभले असते. ज्याचा अभिमान बाळगावयाचा त्याला दुसऱ्याच्या बर्फाचा अंगरखा कशाला? पण सण त्यांचा, त्यांची हौस त्यांच्यापाशी.

आता त्या झुडपाचा वंश पाहू. शास्त्रीय भाषेत त्याला ‘साल्सोला ट्रेगस’ म्हणतात. ज्या कुळात ते मोडते त्याच कुळात आपले माठ, राजगिरा, पालक आणि चाकवत मोडतात. म्हणजे ज्या भाजीची जुडी आपण बाजारातून आणतो तिचाच हा रानटी नातलग! कोवळेपणी ते मऊ व हिरवे असते आणि गुरे ते आनंदाने खातात. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागी भयंकर अवर्षण पडून धुळीची वादळे उठली, तेव्हा दुसरे काही उगवेना म्हणून शेतकऱ्यांनी हेच झुडूप हिरवे असताना कापून गुरांना घातले आणि कित्येक गोठे त्यावर वाचले. वाढते तसे मात्र ते कठीण होते. पाने आखूड होऊन त्यांची टोके काट्यांसारखी होतात.

त्याची प्रवासाची युक्ती फार शहाणपणाची आहे. पिकले पान देठाशी जेथून गळते तेथे पेशींचा एक दुबळा थर तयार होतो, हे आपण विज्ञानाच्या तासाला शिकलो आहोत. टंबलवीडमध्ये असा थर सबंध झुडपाच्या बुडाशी, जमिनीलगत, होतो. झुडूप सुकले आणि जोराचा वारा आला की ते तेथून कडकन तुटते. बाकीची झाडे बी पाठवितात आणि आपण जागेवर राहतात. हे मात्र बी घेऊन स्वतःच निघते. मोठ्या झुडपावर अडीच लाखांपर्यंत बिया असतात. त्या सगळ्या एकदम सांडत नाहीत. पानांच्या बेचक्यांत अडकलेल्या असतात आणि प्रत्येक आपटीला थोड्याथोड्या गळतात. पाभरीमागून चालणारा शेतकरी जसा मापाने बी सोडतो तसेच हे काम वारा करतो. आणि बी तरी कसे? पुष्कळ बियांत अंकुराबरोबर अन्नाचा साठा असतो. टंबलवीडच्या बीत असा साठा जवळजवळ नसतो. आत एक तयार रोपच जिलबीसारखे वेटोळे करून बसलेले असते. जरासा ओलावा मिळताच ते वेटोळे उलगडते आणि काही तासांत मूळ मातीत शिरते. जेथे पाऊस एकदा येऊन पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही, तेथे हीच घाई उपयोगी. या घाईची किंमतही त्याला मोजावी लागते. त्याचे बी फार दिवस तग धरीत नाही, एक-दोन वर्षांत उगवले नाही तर मरते.

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल की हे झुडूप त्या वाळवंटाचे पूर्वापार रहिवासी असले पाहिजे. अमेरिकन चित्रपटांत दोन बंदूकधारी वीर धुळीच्या रस्त्यावर समोरासमोर उभे राहतात, सारे चिडीचूप होते, आणि मधून एक टंबलवीड लोळत जाते. हे दृश्य इतक्या वेळा दाखविले गेले आहे की टंबलवीड म्हणजेच पश्चिम अमेरिका, असे समीकरण झाले आहे. परंतु ते अमेरिकेचे नव्हेच. ते रशिया व युक्रेनमधील गवताळ माळरानांचे. रशियन भाषेत त्याला ‘पेरेकाती-पोले’ म्हणतात. म्हणजे ‘माळावरून लोळत जा’. अमेरिकेत त्याला पहिले नाव मिळाले तेही ‘रशियन काटा’ हेच.

ते तेथे पोहोचले कसे? १८७० ते १८८० या दशकात रशियातून आलेल्या कुटुंबांनी डकोटा प्रदेशात शेती आरंभली. त्यांच्याबरोबर पेरणीसाठी आणलेले जवस, म्हणजे आपली अळशी, होते, आणि त्या जवसात मिसळून या काट्याचे बी आले. कोणी मुद्दाम आणले नाही, कोणाच्या ध्यानात आले नाही. वीस वर्षांत त्याने डझनभराहून अधिक राज्ये पादाक्रांत केली. वारा होताच; शिवाय आगगाडीच्या गुरांच्या डब्यांतून आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाणाऱ्या मळणीयंत्रांतूनही बी पसरले. अमेरिकन शेतीखात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिस्टर ड्यूई यांनी १८९४ साली या तणावर एक अहवाल लिहून शेतकऱ्यांना सावध केले, तोपर्यंत फार उशीर झाला होता.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण चँडलरच्या सणाचे मर्म तीतच आहे. दाट गवताने झाकलेल्या, न मोडलेल्या जमिनीत टंबलवीडला थारा मिळत नाही. ज्या जमिनीवर नांगर फिरला, कालवा खणला, रस्ता काढला, आणि मग ती उघडी पडली, तीच त्याला मानवते. माणूस जमीन मोकळी करतो आणि हे मागून येऊन बसते. म्हणजे चँडलरच्या कापसाच्या शेतांनी, कालव्यांच्या काठांनी आणि पडीक तुकड्यांनीच या परक्या काट्याला तेथे बोलावून घेतले. सग्वारो हा वाळवंटाचा पुत्र असेल. टंबलवीड हे शेतकऱ्याच्या नांगराचे सावत्र मूल आहे.

त्याचा उपद्रव थट्टेवारी नेण्यासारखा नाही. वणवा लागला असता पेटते झुडूप रस्ते ओलांडून आग पुढे नेते. २०१८ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल येथे वाऱ्याने आणलेल्या टंबलवीडचे ढीग घरांच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले आणि लोकांना दाराबाहेर पडता येईना. ३१ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी वॉशिंग्टन राज्यात रिचलंडजवळच्या राजमार्गावर मोटारी त्याखाली अक्षरशः गाडल्या गेल्या. बर्फ उपसण्याची यंत्रे आणून रस्ता मोकळा करीपर्यंत सुमारे दहा तास गेले. त्या मोटारींतील माणसांचे नववर्ष झुडपांच्या पोटात उजाडले. तेव्हा, हजार झुडपे चौकात नेऊन टांगल्याने तणाचा बंदोबस्त होतो, असा कोणी समज करून घेऊ नये. गोळा करीपर्यंत त्यांचे पुष्कळसे बी सांडून गेलेले असते. एका झुडपाच्या अडीच लाखांना हजाराने गुणून पाहा, आणि प्रत्येक झुडूप एवढे मोठे नसते म्हणून त्यातले वाटेल तितके वजा करा. तरी जो आकडा उरेल तो नगरपालिकेच्या आवाक्याबाहेरचाच असेल. सणाने शत्रू हटला नाही. फक्त वर्षातून एक महिना त्याच्याकडे पाहण्याची तऱ्हा बदलली. अशीच बुद्धी शेजारच्या न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्कीच्या लोकांनाही सुचली; पूर निवारणाच्या नाल्यांत अडकलेली टंबलवीडे काढून ते त्यांचा हिममानव करतात आणि हमरस्त्याच्या कडेला उभा करतात.

या काट्याचे भाऊबंद आपल्या जेवणाच्या पानातही आहेत, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ‘साल्सोला’ हे नाव खारटपणा दाखविणाऱ्या लॅटिन शब्दावरून आले. खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या या जातीच्या वनस्पती जाळल्या की राखेत भरपूर खार उतरतो. अरबी लोक त्या राखेला ‘अल्-किली’ म्हणत. त्यावरूनच रसायनशास्त्रातील ‘अल्कली’ हा शब्द निघाला. स्पेनमध्ये या राखेपासून काच आणि साबण करीत. आपल्याकडे राजस्थान, सिंध, पंजाब या बाजूंना अशाच क्षारवनस्पती जाळून सज्जीखार काढीत, आणि उडदाच्या पापडात पापडखार म्हणून तो पडे. पापड तळताना फुलतो त्यामागे वाळवंटातील झुडपाची राख असावी, याचे आम्हाला प्रथम वाचले तेव्हा फार नवल वाटले होते.

मग, परदेशातून जवसात लपून आलेले हे झुडूप चँडलरचे ‘स्थानिक’ म्हणावे की नाही? शास्त्रज्ञ नाही म्हणतील, आणि ते बरोबर आहेत. पण नाही म्हणण्यापूर्वी आपण आपल्या दाराकडे एकदा पाहावे. दसऱ्याला ज्याचे तोरण नसेल असे मराठी घर सापडणार नाही तो झेंडू मेक्सिकोचा. म्हणजे जवळजवळ त्याच ॲरिझोनाच्या शेजारचा. तो येथे येऊन चारशे-पाचशे वर्षांपेक्षा अधिक झालेली नाहीत. गोमंतकातील ख्रिस्ती बंधू नाताळात घरापुढे सजवितात ती बहुधा सुरूची फांदी असते. फर येथेही उगवत नाही, तेव्हा दुरून तशीच निमुळती आणि झुपकेदार दिसणारी सुरू कामी आली. ही सुरू तरी कोठली? ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवरची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जळणासाठी आणि वाळू धरून ठेवण्यासाठी आपल्या किनाऱ्यावर लावली गेली. त्याच घरात गोठ्याच्या देखाव्यासाठी नाचणी पेरून तिचे हिरवे अंकुर मांडलेले असतात, ती मात्र आपल्याकडे हजारो वर्षांची. नवे आणि जुने एकाच मेजावर नांदते, आणि कोणी कोणाला मुळाचा दाखला विचारीत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. रशियन काटा डकोटात शिरला त्याच दशकात, १८७७ साली, अमेरिका खंडातील एका काटेरी झाडाचे बी सिंधमध्ये आणले गेले. वर ज्या मेस्कीटचा उल्लेख केला त्याचाच हा जवळचा भाऊ. ते येथे मुद्दाम, उजाड जमीन हिरवी व्हावी म्हणून, आणले. आणि कच्छपासून तमिळनाडूपर्यंत ते इतके माजले की आपण त्याला ‘वेडी बाभूळ’ म्हणू लागलो. त्याच्या सख्ख्या जातीतल्या शमीची आपण दसऱ्याला पूजा करतो आणि याच्यावर कोयता चालवितो. त्याचा सण करावा असे अजून कोणाला सुचलेले नाही. वेडी बाभूळ विहिरींचे पाणी ओढते आणि गवताची कुरणे गिळते, हे पाहता तसे न सुचणे स्वाभाविकही आहे. परके म्हणून कोणी वाईट ठरत नाही आणि सणात आले म्हणून निरुपद्रवी होत नाही, एवढे या दोन काट्यांवरून दिसते.

चँडलरची गोष्ट अजून थोडी उरली आहे. ज्या गावात १९५० साली चार हजार माणसेही नव्हती, त्या गावाची वस्ती २०२० च्या शिरगणतीत पावणेतीन लाखांच्या वर गेली. १९८० च्या सुमारास तेथे संगणकाचे सूक्ष्म भाग बनविणारे मोठे कारखाने आले. त्यांच्या मागोमाग जगभरचे अभियंते आले. त्यांत भारतीय कुटुंबेही पुष्कळ आहेत, आणि पुणे-मुंबईकडचे एखादे मूलही आज त्या झाडाखाली उभे राहून दिवे पाहत असेल. कापसाच्या शेतांवर घरे उठली, पडीक तुकड्यांवर वाहनतळ झाले, बांध गेले. आणि नांगरामागून आलेले टंबलवीड, नांगर गेल्यावर, गावात दिसेनासे होऊ लागले. पूर्वी गावाच्या वेशीवर जे पायात येत होते ते आता कामगारांना बरेच लांब जाऊन शोधावे लागते. ज्याचा त्रास नको म्हणून लोक देवाला साकडे घालीत, त्याच्या शोधात गाड्या पाठवाव्या लागतात!

आम्हाला या चालीत सर्वांत विचार करण्याजोगी बाब वाटते ती हीच. १९५७ साली ते झाड म्हणजे गावातल्या फुकट आणि विपुल वस्तूचा विनोदी उपयोग होता. आज ते तसे राहिलेले नाही. ज्यांनी कापसाचे बोंड कधी हातात घेतलेले नाही अशा मुलांना, येथे एके काळी शेते होती आणि त्या शेतांच्या कडेने असे काही वाढत होते, हे त्या झाडावरूनच कळते. झुडूप तेच राहिले, चौक तोच राहिला. भोवतालचे सारे बदलल्यामुळे त्या झुडपाचा अर्थ मात्र बदलला.

हे वाचताना गोमंतकीय वाचकाला माटोळी आठवल्यावाचून राहणार नाही. बेळगाव-कोल्हापूरकडील वाचकांसाठी सांगतो: चवथीला गणपतीच्या मूर्तीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, तवसे, आंबाडे, आणि रानातून आणलेली नाना रंगांची फळे-फुले बांधतात, ती माटोळी. भाद्रपदात आपल्या भोवतालच्या रानात काय काय पिकते त्याचे ते जणू प्रदर्शनच असते. चँडलरचे झाड एकाच तणाचे. माटोळीत शंभराहून अधिक प्रकारच्या वस्तू बांधणारी घरे आहेत. गोव्याच्या कला व संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीच्या स्पर्धाही होतात, आणि त्यांत भाग घेणारे दुर्मीळ फळांसाठी कित्येक दिवस रानात हिंडतात. इतर घरांत मात्र माटोळीचे सामान चवथीच्या आदल्या दिवशी बाजारातून येते. रानाकडच्या गावांतील बायका ते टोपल्यांतून आणून पदपथावर मांडतात आणि आपण वाटे करून विकत घेतो. फळ घरात येते, पण ते कोणत्या वेलीचे, ओहोळाच्या काठचे की डोंगराच्या माथ्यावरचे, हे बरोबर येत नाही. अलीकडे पेरू आणि अननसही माटोळीत दिसतात. त्यांनाही आमची हरकत नाही. झेंडूची कथा वर सांगितलीच आहे. पण जी जागा पेरूने घेतली तेथे आधी काय टांगलेले असे, ते सांगणारे घरात कोणी असावे.

आम्ही एका वर्षी चवथीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गाला आपापल्या घरच्या माटोळीतील वस्तूंची नावे लिहावयास सांगितली. शहरातील मुलांची यादी नारळ, सुपारी, केळी, काकडी येथवर येऊन थांबली. एकाने प्रामाणिकपणे ‘लाल फळ, नाव ठाऊक नाही’ असे तीनदा लिहिले. सत्तरीकडून येणाऱ्या एका मुलीने वहीचे पान दोन्ही बाजूंनी भरले: कांगणे, कवंडळ, माट्टी, घागऱ्या, तोरिंग, आणि पुढे कितीतरी. प्रत्येक नावापुढे ते कोठे सापडते आणि कोण आणते तेही तिने लिहिले होते. एक वस्तू आजोबाच आणीत. ते गेल्यापासून ती आमच्या माटोळीला नसते, असे शेवटी लिहिले होते. यादी फळ्यावर उतरवून घेताना त्यांतील काहींना मराठीत काय म्हणतात ते पाहावे म्हणून आम्ही कोश उघडला. ती नावे कोशात नव्हती. मग फळ्यावर तिचेच शब्द ठेवले, आणि मुलांनी ते तसेच वहीत उतरवून घेतले.